तीन मिलिमीटर

शंभर मिलिमीटर.
अर्ध्या वितीहूनही कमी,
चार बोटं आणि वर एक अंगठा.
एवढ्याच अंतरात या सायकलीला
अख्खा डोंगर गिळायचा असतो.

अल खुवैरच्या मागच्या गल्लीत,
एसीचं पाणी ठिबकतं त्या बादलीशेजारी
मी फोर्क उघडून बसलोय.
आत यितीची धूळ, कॉफीच्या गाळासारखी,
सीलच्या ओठाला धरून.
फोमची चकती तेलात बुडवतो,
पिळतो, पुन्हा बुडवतो.

शमसा काउंटरवर कोपर टेकून म्हणते,
एकशेवीसचा बसव ना, उस्ताद,
उतारावर दात वाजतात माझे.
वाजू देत, म्हणतो मी.
उतार दोन मिनिटांचा, चढ वीस मिनिटांचा.
जास्त मऊ केलं की पायातला जोर
चाकाकडे निघालेला, वाटेतच टेकतो,
पाहुण्यासारखा, चहा येईपर्यंत उठत नाही.
ती हसते.
तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे.

हे मला कुणी इथे शिकवलं नाही.
इचलकरंजीत बावीस वर्षं मी जॉबर होतो.
धोटा इकडून सुटतो, तिकडच्या पेटीत शिरतो,
मिनिटाला दीडशे वेळा,
आणि दर वेळी कुणीतरी त्याला धरायचं असतं.
सैल धरला तर आपटून उलटा येतो.
आवळून धरला तर कांडीवरचं सूत घसरतं.
मधे चामड्याचा एक पट्टा, दोन बोटं रुंद,
तेलात मुरवलेला.
तो किती ताणायचा ते कान सांगायचा.
इथे त्याला रिबाउंड म्हणतात,
लाल बटण असतं, टिकटिक फिरतं.
मी अजून कानच लावतो.

मागच्या बाजूला तर सांधाच ठेवलेला नाही.
बेअरिंग नाही, पिन नाही,
कार्बनची सपाट पट्टीच जराशी वाकते
आणि परत सरळ होते.
पावशेर वजन वाचतं म्हणे.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पट्टी अंगठ्याने दाबत बसलो होतो
पाऊण तास, मालकाची नजर चुकवून.

शर्यत शुक्रवारी. सकाळचे साडेसहा,
दगड मात्र कालचेच तापलेले.
मी पाण्याच्या कॅनपाशी उभा,
आणि भावाचा फोन.
आज ट्रक आला, म्हणाला. आठही माग गेले.
किलोवर.
मी भाव विचारला. त्याने सांगितला.
तेवढ्यात वाडीच्या काठावरून शमसा खाली आली,
पुढचं चाक धोंड्यावर, मग दुसऱ्या धोंड्यावर,
कोपरं वाकली, गुडघे वाकले,
डोकं तेवढं रेघ ओढल्यासारखं
सरळ हवेतून गेलं.
ऐकतोयस ना? भाऊ.
ऐकतोय.
बापाच्या मागाची मूठ तरी काढून ठेवायची होतीस.
राहिलं, म्हणाला.

चौथी आली. सायकल आडवी टाकून
सावली शोधत बसली.
फोर्कच्या नळीवर रबराची एक बारीक कडी असते.
नळी जितकी आत गेली तितकी ती वर सरकते,
आणि नळी परत आली तरी
ती तिथेच थांबते.
मी कॅलिपर लावला. सत्त्याण्णव.
किती उरलं? तिच्या तोंडात खजूर.
तीन मिलिमीटर.
मग अजून मऊ करता येईल!
नाही. तीन राहू देत.
ते कशाला?
मला एवढं अरबी येत नाही, हिंदीही नाही.
म्हटलं, सगळे दगड अजून तू बघितले नाहीस.

शनिवारी दुकान उघडण्याआधी
कडी नखाने खाली सरकवली, सीलपर्यंत.
सरकवावीच लागते, नाहीतर पुढचं कळत नाही.
हवा भरली, साठ पीएसआय.
तिच्या वजनाला बावीस बसायला हवी.
कुणी नव्हतं, म्हणून
भिंतीला हात लावून मीच पॅडलवर उभा राहिलो.
हळूच उतरलो. वाकून पाहिलं.
एकतीस.